जुने हॉरर पिक्चर पहिल्यांदा बघताय? मग मधूनच सुरुवात करा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मामाकडे चिपळूणला आम्ही सगळी भावंडं जमलो होतो आणि मला हुक्की आली की या पोरांना जरा खानदानी हॉरर दाखवूया. खानदानी म्हणजे किती, तर थेट १९२२ चा जर्मन मूकपट, 'नोस्फेरातू'. हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू, मधोमध चिवड्याचा डबा, आतून मामीची "चहा कोणाकोणाला?" अशी हाक, आणि टीव्हीवर लांब नखांचा एक टकला माणूस तुरुतुरु चालत येतोय. धाकटा म्हणाला, "ताई, हा चार्ली चॅप्लिनचा काका का?" झालं. जे सगळे खिदळायला लागले ते थांबेचनात, आणि पाच मिनिटांत रिमोट माझ्या हातातून गेला आणि क्रिकेट लागलं.

चूक पिक्चरची नव्हती हो. वेळ चुकली, प्रिंट चुकली आणि मुख्य म्हणजे क्रम चुकला, सगळं माझंच. पुढच्या दिवाळीत त्याच पोरांना त्याच हॉलमध्ये वेगळ्या पद्धतीने बसवलं तेव्हा त्यातला एक रात्री बाथरूमला जाताना मला दारापर्यंत सोबत घेऊन गेला (बारावीतला घोडा आहे, नाव सांगत नाही). ती पद्धत काय ते लिहिते.

आधी क्रमाचं बघू. नवीन माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर इतिहासाच्या पुस्तकासारखा सनावळीने जातो, आधी मूकपट मग तीसचं दशक, आणि दुसऱ्याच पिक्चरला घोरायला लागतो. नाहीतर "जगातला सगळ्यात भयानक पिक्चर" असं सर्च मारतो आणि पहिल्याच रात्री 'द एक्झॉर्सिस्ट' लावून बसतो, मग एकतर अर्ध्यात बंद करतो नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगतो की एवढं काय नाय त्यात. मी म्हणते १९६० पासून सुरू करा. तिथून एकेक पायरी मागे उतरायचं, १९४२, मग १९३१, मग १९२२, विहिरीत उतरतो तसं, पायाने पाण्याचा अंदाज घेत घेत. तळाला टेकून वर आलात की मग अडुसष्टनंतरचे सगळे. कारण साठच्या पिक्चरमधली माणसं आपल्यासारखीच बोलतात, गाडी चालवतात, साहेबाला थापा मारतात, फक्त रंग नसतो. तर आधी डोळ्याला ब्लॅक अँड व्हाइटची सवय होऊ दे, मग जुन्या धाटणीच्या ॲक्टिंगची, आणि शेवटी आवाजच नसण्याची. हे सगळं एकदम अंगावर आलं की माणूस हसणारच, पोरांचा काय दोष.

आता खोली. रात्री जेवणं उरकल्यावरच बसायचं, भांडी सिंकमध्ये पडून राहिली तरी चालतील. लाइट पूर्ण बंद, पॅसेजमधला पण. देवघरातली समई चालू असेल तर राहू दे, त्याने उलट मजा वाढते. फोन दुसऱ्या खोलीत, आणि हे मी शिस्त म्हणून नाही सांगत. अंधाराला डोळा हळूहळू सरावतो, आणि तुम्ही दहा सेकंद व्हॉट्सॲप उघडलं की तो सराव गेला, मग पडद्यावरचा काळा आणि त्याहून जरा कमी काळा यातला फरक दिसायचा बंद होतो, आणि या पिक्चरांचा निम्मा जीव त्या फरकातच असतो. पंखा जमलं तर बंद करा नाहीतर एकवर ठेवा. का ते पुढे सांगते.

टीव्हीचं पण एकदा करून ठेवा. सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग किंवा तसल्या काहीतरी नावाचा प्रकार असतो, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, तो बंद करायचा, नाहीतर साठ वर्षांपूर्वीचा पिक्चर संध्याकाळच्या सिरियलसारखा दिसतो. पिक्चर मोड सिनेमा किंवा मूव्ही वर. १९५० च्या आधीचे पिक्चर जवळजवळ चौकोनी असतात, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, त्या येऊ द्या, ताणून स्क्रीनभर केलं की भूतसुद्धा बुटकं आणि जाडं दिसतं. रंग भरलेली कॉपी मिळाली तर घेऊ नका. आणि सबटायटल चालू ठेवा, लाज कसली त्यात, तीसच्या दशकातला रेकॉर्डिंगचा खरखराट आणि त्यात ते इंग्रजी, निम्मं कळत नाही. राहता राहिला शेजारी बसून "आता बघ हां, आता येईल बघ" करणारा एक आतेभाऊ, तो प्रत्येक घरात असतो, त्याला आइसक्रीम आणायला पाठवा आणि कडी लावून घ्या.

पहिला पिक्चर हिचकॉकचा 'सायको', १९६०. ट्रेलर बघू नका, विकिपीडिया वाचू नका, कुणाला विचारू नका. हा पिक्चर लागला तेव्हा हिचकॉकने थिएटरवाल्यांना नियमच घालून दिला होता की सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. तेव्हा अमेरिकेत लोक पिक्चरच्या मध्येच येऊन बसायचे आणि पुढच्या शोला आपण आलो तो भाग आला की उठून जायचे, हे ऐकून मला तर आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीची आठवण आली. घरी पण तोच नियम पाळा, बेल वाजली तरी उठायचं नाही. (आइसक्रीमवाला आतेभाऊ बाहेर. राहू दे.)

यात बराच वेळ हॉरर असं काही नाहीच. ऑफिसात काम करणारी एक मुलगी साहेबाने बँकेत भरायला दिलेले ४०,००० डॉलर घेऊन पळते, एवढंच चाललेलं असतं. काळा गॉगल लावलेला पोलीस गाडीच्या काचेशी वाकतो तेव्हा तुमच्याच पोटात गोळा येतो, पाऊस लागतो, वायपर फिरत राहतात, आणि ती हायवेपासून बाजूला पडलेल्या एका मोटेलपाशी येते. इथे नवीन माणूस म्हणतो की अरे हे चोरीचं काय लावलंय, हॉरर कुठंय. थांबा. ती पकडली जाईल का या एका काळजीत तुम्हाला मुद्दाम गुंतवून ठेवलेलं असतं, म्हणजे तुम्ही डावीकडे बघताय आणि ट्रक येतोय उजवीकडून.

बाथरूमचा तो सीन तुम्हाला ऐकून माहीत असणारच, जगाला माहीत आहे. जेमतेम पाऊण मिनिटाचा, पण शूटिंगला आठवडा लागला होता, आणि रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कोणाला कळतंय. पिक्चर संपला की हा सीन परत लावा आणि एकदा म्यूट करून बघा. नुसते तुकडे दिसतात, हात, पडदा, पाणी, तोंड, चाकू, आणि चाकू अंगात जाताना तुम्हाला जसा दिसला होता तसा तो तिथे नाहीचे, तो तुम्ही तुमच्या डोक्यात घातला होता. मग उलट करा, डोळे मिटून नुसतं ऐका. संगीतकार बर्नार्ड हरमनने आख्ख्या पिक्चरला फक्त तंतुवाद्यं वापरली, आणि गंमत म्हणजे या सीनला संगीत नको असं हिचकॉकचं मत होतं, हरमनने तरी केलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मुकाट्याने ठेवलं. ही दोन मिनिटांची करामत घरी करून बघितली की पुढचे सगळे पिक्चर कसे बघायचे ते आपोआप कळतं, म्हणून तर हा पहिला. शेवटी एक डॉक्टर सगळं समजावून सांगत बसतो ते कंटाळवाणं आहे, मान्य, पण उठू नका, त्याच्यानंतरचा चेहरा चुकवायचा नाही.

हा पचला आणि अजून तिथेच थांबायचं असेल तर १९६३ चा 'द हाँटिंग' बघा, रॉबर्ट वाइजचा. भूत एकदाही दाखवलेलं नाही, नुसते भिंतीवर धक्के, आणि एक भलं जाड लाकडी दार आतल्या बाजूला फुगत येतं, श्वास घेतल्यासारखं. हेडफोन लावून बघा. ज्यांनी 'महल' बघितलाय त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल, अशोक कुमार रात्री त्या हवेलीत एकटा, कुठूनतरी लताचा आवाज, झोपाळा, आणि आपण पुढे जावं की नको अशा अवस्थेत. तो १९४९ चा. आपल्या आज्यांनी तो थिएटरात बसून बघितलाय, तेव्हा जुन्या हॉररची आपल्याला सवय नाही असलं काही सांगू नका.

पुढची पायरी १९४२, 'कॅट पीपल'. हा माझा सगळ्यात लाडका. व्हॅल ल्यूटन नावाचा निर्माता होता आरकेओ स्टुडिओत, त्याला स्टुडिओने पिक्चरचं नाव आधी द्यायचं आणि पैसे दीड लाख डॉलरच्या आत, मग त्या नावावर तू काय ते बनव असा कारभार. जिन्याचा जो सेट दिसतो तो पण आधीच्या दुसऱ्या एका पिक्चरचा उरलेला. आता एवढ्या पैशात बाईचा काळा बिबट्या करून दाखवायचा तर तो मांजरासारखाच दिसला असता, म्हणून ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तुर्नर या दोघांनी ठरवलं की दाखवायचंच कमी.

इथे पंखा बंद करा म्हणाले होते त्याचं कारण येतं. एक बाई रात्री पार्कच्या भिंतीकडेने एकटी चाललीय, आणि मागून दुसरी येतेय. फुटपाथवर दोघींच्या हील्सचे आवाज. टक टक टक, आणि मागून जरा घाईचे टक टक टक. रस्त्यावर दिव्याचा एक गोल, मग अंधार, मग दिव्याचा गोल. आणि मग कुठल्यातरी एका अंधारात मागचा आवाज बंद होतो. संगीत नाही, काही नाही, फक्त एका जोडीचाच आवाज उरतो, आणि तो वाढतो. पंखा घरघरत असेल तर हा मागचा आवाज कधी थांबला ते तुम्हाला कळतच नाही, आणि कळलं नाही तर तो सीन म्हणजे एक बाई फुटपाथवरून चाललीय एवढाच. पुढे काय येतं ते सांगत नाही, पण जे येतं त्याच्याच नावाने ही युक्ती सिनेमावाले अजून ओळखतात, आणि आजच्या प्रत्येक हॉरर पिक्चरमध्ये ती दोनचार वेळा वापरलेली असते. मग स्विमिंग पूलचा सीन, छतावर पाण्याच्या हलत्या लाटा आणि कोपऱ्यात काहीतरी, मी तो बघून आठवडाभर सोसायटीच्या पूलकडे संध्याकाळी बघितलं नव्हतं. आणि पिक्चर सव्वा तासात संपतो, त्यामुळे वेळ नाही ही सबब चालणार नाही.

आता १९३१. एकाच वर्षात युनिव्हर्सल स्टुडिओचे दोन, 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन'. ड्रॅक्युलाचं लवकर उरकते, ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीसाठी आणि पहिल्या वीसेक मिनिटांच्या किल्ल्यासाठी बघा, नंतर दिवाणखान्यात गप्पाच फार. त्याच सेटवर रात्रपाळीला दुसरी टीम येऊन तोच पिक्चर स्पॅनिशमध्ये करायची, आणि तो बऱ्याच जणांना इंग्रजीपेक्षा चांगला वाटतो, मलाही.

'फ्रँकेन्स्टाइन' मात्र नीट बसून बघायचा. पहिलं म्हणजे फ्रँकेन्स्टाइन हे त्या शास्त्रज्ञाचं आडनाव, राक्षसाला नावच नाही, ही चूक एकदा सुधारून घ्या म्हणजे पार्टीत कोणी टोकणार नाही. सुरुवातीच्या पाट्यांमध्ये राक्षसाच्या नटाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह येतं, तेही चुकवू नका. तो नट बोरिस कार्लोफ. त्याची एंट्री बघा, दार उघडतं आणि तो पाठमोरा आत येतो. पाठमोरा! मग हळूच वळतो, आणि कॅमेरा झटक्या-झटक्याने जवळ, अजून जवळ. आणि लगेच त्याच्यानंतरचं, वरची खिडकी उघडून त्याच्यावर उजेड सोडतात आणि तो दोन्ही हात वर करून उजेड पकडायला बघतो, मग खिडकी बंद करतात, आणि हात तसेच हवेत राहतात. ज्याला घाबरायला बसलो त्याची इथे दया यायला लागते. हसू आलंच तर येऊ द्या, आजूबाजूचे लोक जरा नाटकी आहेत, पण कार्लोफवरून नजर काढू नका.

याच्यातला तळ्याकाठच्या छोट्या मुलीचा सीन बरीच वर्षं कापलेला होता, आणि तो अशा ठिकाणी कापला होता की बघणाऱ्याच्या मनात मूळ सीनपेक्षा भलतंसलतं यायचं. आता मिळतात त्या चांगल्या कॉप्यांमध्ये तो पूर्ण आहे, एकूण लांबी सत्तर मिनिटांच्या आसपास दिसली की घ्या. आणि सुरुवातीच्या पाट्या गेल्या की पिक्चरला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, टीव्ही बिघडला म्हणून आवाज वाढवत बसू नका, बोलपटच नवे होते, सगळीकडे संगीत घालायची पद्धत अजून पडायची होती.

मग तळ, 'नोस्फेरातू'. दिग्दर्शक मुर्नाउचा हा पिक्चर म्हणजे सरळसरळ ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीची उचलेगिरी होती, नावं बदलून, परवानगी न घेता. स्टोकरच्या बायकोने केस केली, जिंकली, आणि कोर्टाने सगळ्या प्रिंट नष्ट करायचा हुकूम दिला, पण काही कॉप्या वाचल्या म्हणून आपण बघतोय. आता तो सगळीकडे फुकट पडलाय, आणि म्हणूनच वाट्टेल तशा कॉप्या फिरतात आणि माझ्यासारखी फसते. चिपळूणला मी लावली ती कॉपी पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट होती, त्यामुळे तो काउंट ऑरलॉक, म्हणजे तोच टकला रक्तपिपासू, स्वतःची शवपेटी काखेत मारून भर उजेडात गावातून चाललेला दिसत होता, आणि मामेबहीण म्हणाली याला ऊन लागत नाही का. बरोबरच विचारलं तिने. खरी गोष्ट अशी की तेव्हा रात्रीचे सीन दिवसाच काढायचे आणि मग फिल्म निळ्या रंगात बुडवायचे, निळं म्हणजे रात्र, पिवळं म्हणजे घरातला उजेड वगैरे. तो रंगच गेला तर रात्र गेली. आणि ते तुरुतुरु चालणं, ते पण त्याचं नाही, तेव्हा सेकंदाला साधारण अठराच्या आसपास फ्रेम काढायचे आणि ते चोवीसने पळवलं की कोणीही चॅप्लिनचा काका दिसणार. म्हणून रीस्टोर केलेली, निळीपिवळी, दीड तासाच्या थोडी वर लांबी असलेली कॉपीच शोधा. नीट वेगाने मॅक्स श्रेकचा ऑरलॉक तुरुतुरु नाही चालत, सरकतो, दारात येऊन ताठ उभा राहतो आणि दाराची कमान त्याच्या अंगाला माप घेऊन केल्यासारखी दिसते. जिन्यावरची सावली तर सगळ्यांनी फोटोत बघितलेली असते. मला जास्त लागतं ते वेगळंच, जहाजातून उंदीर येतात, गावात साथ पसरते, दारांवर खडूने खुणा होतात आणि रस्त्याने एकामागे एक शवपेट्या नेतात. २०२० नंतर हा सीन बघताना घशात काहीतरी अडकतं.

इथून वर यायला सोपं आहे, भराभर सांगते. १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', जॉर्ज रोमेरोचा. नाव बदलताना कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली आणि पिक्चर अमेरिकेत कायमचा सार्वजनिक झाला, त्यामुळे इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर बिनधास्त बघा, चोरी नाही. फक्त रंगवलेला नको आणि तीस वर्षांनी नवीन सीन घुसवून काढलेला तर अजिबातच नको. आजचे सगळे झोंबी इथून निघाले पण पिक्चरभर झोंबी हा शब्द एकदाही येत नाही. १९७८ चा 'हॅलोवीन' फोनवर बघणार असाल तर बघूच नका, दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने लांबरुंद फ्रेम घेऊन त्या मुखवट्यावाल्या खुन्याला मुद्दाम मागे कुठेतरी, कुंपणापाशी, धुण्याच्या दोरीपाशी उभा केलाय, सहा इंचात तो दिसणारच नाही. तो मुखवटा 'स्टार ट्रेक' सिरियलमधल्या कॅप्टन कर्कचा, स्वस्तातला, पांढरा रंग मारलेला. हे आधी कळलं तरी भीती कमी होत नाही, मी ट्राय केलंय.

घरात लहान पोरं असतील तर माझी टेस्ट म्हणजे तात्या विंचू. 'झपाटलेला' आला १९९३ ला, त्याच्या पाच वर्षं आधी अमेरिकेत खुनी बाहुल्याचा 'चाइल्ड्स प्ले' येऊन गेला होता, पण आपल्या पोरांना "ओम फट् स्वाहा"च माहीत. जे पोर तात्या विंचूला बघून हसतं त्याला 'फ्रँकेन्स्टाइन' दाखवायला हरकत नाही, जे उशीत तोंड खुपसतं त्याला अजून दोन वर्षं थांबवा, आणि 'सायको' दहावीच्या आत कोणालाच नको.

'द एक्झॉर्सिस्ट', १९७३, अगदी शेवटी. पहिल्यांदा बघताना मूळचाच बघा, २००० सालचा वाढवलेला नंतर. त्या खोलीत तोंडातून वाफ येते ती खरी आहे, सेट एसी लावून फ्रीजरसारखा गारठवला होता. पण एक सूचना, ज्यांना सुई-रक्त सहन होत नाही त्यांच्यासाठी यातला सगळ्यात अवघड भाग भुताचा नाहीच, हॉस्पिटलमधल्या तपासण्यांचा आहे. माझी आई बाकी सगळं पापणी न लवता बघत बसली आणि तिथे उठून किचनमध्ये गेली, म्हणाली संपलं की हाक मार. तुम्हीही उठा, लाइट लावा, पाणी प्या, काही बिघडत नाही.

या दिवाळीला चिपळूणला 'नोस्फेरातू' परत लावायचं ठरलंय, निळ्या प्रिंटचा. मामीला सांगितलंय, चहा आधीच थर्मासमध्ये भरून ठेव.